गरब्याला आठवडा उरला

पितृपक्ष हा भटजींचा आणि माझा हंगाम. बाकी बडोदं या पंधरवड्यात कापड घेत नाही, नवी गाडी सोडवत नाही, लग्नाची बोलणी पुढे ढकलतं. पण सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसणार, त्या रात्रीपासून नऊ रात्री गरबा, आणि वर्षभर खुर्चीत बसून राहिलेल्या पायांची सगळ्यांना एकदम आठवण होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दांडिया बाजारात दोन खोल्यांचं क्लिनिक आणि जवळच्याच भाड्याच्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ व्यायामाच्या बॅचेस. आज अविधवा नवमी, म्हणजे गरब्याला आठवडा.

पहाटे ५.००

पाणी, अर्धा कप चहा, एक केळं. रिकाम्या पोटी व्यायाम केला की चरबी जास्त जळते, हे मला सारखं कोणीतरी ऐकवतं. दिवसभराचा हिशेब शेवटी तोच राहतो. केळं खाल्लेला माणूस चिडचिड मात्र कमी करतो.

५.४५, कमाटी बाग

पाटीवर सयाजीबाग, तोंडात कमाटी बाग. १८७९ सालची ही बाग विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहे. २०२४ च्या ऑगस्टात नदी शहरात शिरली तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. त्या पुरानंतर माझ्या ज्येष्ठांच्या बॅचमधले दोघे-तिघे अजून नदीकडच्या वाटेने चालत नाहीत.

इथे येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. चालणं हा त्यांचा अभिमान. "आम्ही रोज पाच किलोमीटर चालतो, आणखी काय करायचं?" असं एका काकांनी नुकतंच विचारलं. त्यांना म्हटलं, काका, हात न टेकता बाकावरून उठून दाखवा. उठले, दुसऱ्यांदाही उठले. तिसऱ्यांदा मात्र पुढे झुकून, गुडघ्यावर हात दाबून, जोर लावून. चालण्याने हृदय आणि फुप्फुसं चांगली राहतात, साखर आटोक्यात येते, झोप लागते. पण मांडीचा स्नायू नुसत्या चालण्याने टिकत नाही आणि म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा मांडीच्या दुबळेपणाने. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच शिफारशीतली पुढची ओळ, आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, बागेत कोणी वाचलेली दिसत नाही. म्हणून आमच्याकडे चालणं अर्धा तास आणि मग बाकावरून उठबस, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलणं, आणि ज्यांचे खांदे ठीक आहेत त्यांना हलके लाकडी मुद्गल.

मुद्गल हातात आले की गप्पा हमखास गामावर जातात. बागेतल्या संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पहिलवानाने तो उचलला असं त्यावर कोरलंय आणि वजन बाराशे किलो सांगतात. मला तो आकडा पचत नाही. आज जगातली सर्वांत ताकदवान माणसं, पट्टे बांधून, लोखंडी बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलतात तो विक्रम पाचशे किलोच्या आसपास आहे. गोल दगडाला तर धरायला कडही नसते. दगड हलवला असेल, कलता केला असेल, तेही सोपं नव्हे. पण काकांसमोर हे बोलायची सोय नाही. त्यांना मी वेगळंच विचारते: गामाच्या रोजच्या हजारो बैठका तुम्हाला पाठ, त्याचा दूध-बदामाचा खुराकही पाठ, मग त्याची मालिश आणि झोप कोणी मोजली का? पहिलवानाच्या दिवसात मेहनतीपेक्षा अंग रगडून घेणं, खाणं आणि लोळणं यालाच जास्त तास जात. आपण त्यातल्या फक्त बैठका उचलल्या.

७.१५, हॉल

चपलांचा ढीग दाराबाहेर गेलाय. आषाढापासून नियमाने येणारे एका बाजूला आणि परवा-तेरवा उगवलेले दुसऱ्या बाजूला. नव्यांपैकी एक बाई आल्या आल्या विचारतात, "बेन, एक अठवाडियामां पांच किलो ऊतरशे?" उतरेल की, म्हटलं, पाच किलो पाणी उतरेल आणि पहिल्याच रात्री चक्कर येईल.

आठवड्यात स्नायू वाढत नाही. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जातंतूंची असते. आहे तोच स्नायू मेंदू जास्त नेमका वापरायला शिकतो. स्नायूची खरी भर त्यानंतर दिसू लागते. नव्यांना म्हणून मी फक्त सवय देते: टाचा उचलणं, एका पायावर तोल, छोट्या उड्या आणि घरी मातीवर दहा मिनिटं अनवाणी चालणं. बडोद्याचा मोठ्या मैदानांवरचा गरबा अनवाणीच खेळतात आणि बूट-मोज्यांत वाढलेला तळपाय पहिल्या दोन रात्रींतच बोंब मारतो.

जुन्यांशी आज भांडण आहे. या आठवड्यात त्यांचा व्यायाम मी निम्मा केलाय. वजन तेवढंच, पण सेट अर्धे, उड्या अर्ध्या. "ताई, आता तर जोर लावायचा ना? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणी पुस्तक मिटतं का?" असा मागच्या रांगेतून आवाज आला. मॅरेथॉन पळणाऱ्यांना हे समजावावं लागत नाही. शर्यतीआधीचे दोन आठवडे ते धावण्याचं अंतर निम्म्यावर आणतात, कारण महिनोन्महिन्यांच्या सरावाने अंगात दोन गोष्टी साठतात, ताकद आणि थकवा, आणि थकवा लवकर ओसरतो. मेहनत कमी केली की थकवा जातो, कमावलेलं राहतं. गरबा खेळणारा स्वतःला खेळाडू समजत नाही ही खरी अडचण. रोज दोन-तीन तास, एका पायावर गिरक्या, टाळीवर उडी, आणि असं सलग नऊ रात्री. वर गोल एकाच दिशेने फिरतो, म्हणजे दोन्ही पायांना सारखा वाटाही मिळत नाही. एवढं काम क्लबचा क्रिकेटवाला करत नाही.

मग एकेकाला पायरीवर उभं करते. आठ इंचांची लाकडी पायरी. उजवा पाय वर, हात कमरेवर, डावी टाच सावकाश खाली आणून जमिनीला नुसती टेकवायची आणि परत वर. माझं लक्ष टाचेकडे नसतं, वरच्या गुडघ्याकडे असतं. एक मुलगी आहे, कॉलेजातली, उत्तम नाचते. टाच खाली जाऊ लागली तसा तिचा गुडघा आत वळला, पायाच्या अंगठ्याच्याही पलीकडे, आणि कंबर दुसऱ्या बाजूला कलली. तिला आरशासमोर उभं करून पुन्हा करायला लावलं. "अगं बाई, हे असं होतं?" गुडघ्यात काही बिघाड नाही. कमरेच्या बाजूचा स्नायू, जो मांडीला बाहेर रोखून धरतो, तो झोपलेला आहे. प्रत्येक गिरकीत गुडघा त्याचं काम करतोय. गुडघ्यावर पट्टा बांधून हे सुटत नाही. कुशीवर झोपून पाय उचलणं, रबरी पट्टी लावून आडवं चालणं, आणि गिरकी घेताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवणं. एका पायावर टाचा उचलायला लावल्या तर बाराव्याला थांबली. तिच्या वयाला वीस-पंचवीस यायला हव्यात. तिलाही पूर्ण नऊ रात्री खेळायचंय, अर्थातच.

बैठकांचा वादही आज निघालाच. कोणीतरी व्हिडिओत पाहिलं की गुडघा पावलाच्या पुढे गेला तर गुडघे जातात. आपली आखाड्यातली बैठक चवड्यांवर, टाचा उचलून, गुडघे चांगले पुढे काढून. पिढ्यानपिढ्या पहिलवान त्या करत आले. गुडघा पुढे गेल्याने खराब होत नाही, न पेलणारा भार एकदम घेतल्याने होतो. ज्यांना खुर्चीवरून उठताना दुखतं त्यांनी पहिल्या दिवशी पन्नास आखाडी बैठका काढू नयेत, इतकंच त्यात शहाणपण.

९.१५

नाश्ता. हॉलखाली सेव-उसळीचा गाडा आहे. माझ्या धंद्याच्या माणसाने तिथे दिसू नये असं काहींना वाटतं. मला त्यातला वाटाणा आवडतो: सेव कमी, वरची तर्री कमी, वाटाणा जास्त मागायचा आणि पाव एकच. डाळी-कडधान्यांची ही प्लेट खाखरा-चहापेक्षा केव्हाही बरी.

खाखरा-चहा म्हटलं की मला हिशेबाची वही आठवते. साठ किलोच्या बाईला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हिशेबाने, किलोमागे ०.८३ ग्रॅम धरून, दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. नेमाने ताकदीचा व्यायाम करत असेल तर किलोमागे १.२ ते १.६, म्हणजे सत्तरीच्या पुढे. आता इथलं ताट बघा. सकाळी चहा-खाखरा, चार ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, वाटीभर डाळ, तीही गुजराती पद्धतीने पातळ आणि गोड, भाजी, थोडा भात: सतरा-अठरा. चार वाजता चहा-बिस्किट, दोन. रात्री खिचडी-कढी, बारा-तेरा. बेरीज चाळिशीही गाठत नाही. घाम रोज गाळायचा आणि दुरुस्तीला माल पुरवायचा नाही, मग अंग आंबतं ते आंबलेलंच राहतं.

हॉलवरची तरुण मुलं लगेच पावडरच्या डब्याकडे वळतात. परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत पावडरी टाळा असंच सांगितलंय. माझं मत जरा मवाळ आहे. चांगल्या प्रतीची व्हे पावडर म्हणजे चीज करताना उरलेलं दुधाचं पाणी वाळवलेलं, विष नव्हे. पण महिन्याला त्यावर जेवढे पैसे जातात तेवढ्यात घरात रोज अर्धा लिटर दूध, पनीर, भिजवलेले चणे, मूठभर शेंगदाणे आणि खाणाऱ्यांसाठी दोन अंडी सहज येतात. आधी डाळ घट्ट करा, मग डब्याचं बोलू.

१०.३०, क्लिनिक

क्लिनिकचा रस्ता जुम्मादादा व्यायाम मंदिरावरून जातो, आणि तिथून जाताना मला माझ्या कामाची लाज आणि हेवा दोन्ही वाटतं. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद; त्यांच्या मराठी शिष्याने, राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी, गुरूच्या नावाचा हा आखाडा देशभर नावारूपाला आणला. माणिकराव मल्लविद्येत आणि शस्त्रविद्येत पारंगत, शेकडोंना एका हुकमावर हलवणाऱ्या सांघिक व्यायामाचे प्रवर्तक. पण मला त्यांचं दुसरं अंग जास्त मोठं वाटतं: ते निष्णात अस्थिविशारद होते. ज्या आवारात जोर-बैठका काढायच्या त्याच आवारात निखळलेला खांदा बसवून मिळे. ज्याने मेहनत सांगितली त्यालाच दुखापत दाखवायची, आणि पुन्हा मेहनतीला केव्हा लागायचं तेही तोच सांगणार.

या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात एक डभोईचा तरुण शिकत होता, जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले. १९२०-२१ मध्ये त्यांनी उड्डियान आणि नौली केल्यावर शरीरात काय होतं हे बडोद्याच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तपासलं, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. नंतर याच शहरातून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात मराठीत निघाला. मराठीत व्यायामावर इतकं मोठं काम आणखी कुठे झालेलं मला माहीत नाही, आणि आमच्या शिक्षणात त्याचं नावही कोणी काढलं नाही.

आता क्लिनिकच्या बाकावर बसलेल्यांकडे बघा. पहिलीच मुलगी गच्चीवर गरब्याचा सराव करताना पाय मुरगळून आलेली. घोटा सुजून गोल झालाय. डॉक्टरांनी सांगितलं, आराम करा. जिमच्या ट्रेनरने सांगितलं, थोडं दुखलं तर दुखू दे. आहारवाल्या बाईंनी भात बंद केलाय. तिघेही हुशार, तिघांची फी भरलेली, आणि तिघांची एकमेकांशी गाठ नाही. माझ्या दिवसातला अर्धा वेळ या तिघांची सांधेजोड करण्यात जातो.

घोटा हातात घेतला. आधी हाड. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालून वर दाबत गेले, मग आतली, मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या मागे मध्यावर येणारा उंचवटा, मग आतल्या बाजूचं, कमानीच्या वरचं हाड. कुठेही बोट टेकल्यावर ती किंचाळली नाही. "आता उठ आणि चार पावलं टाक." लंगडत टाकली. हाडावर दुखत नाही आणि चार पावलं टाकता येतात, म्हणजे एक्स-रेची घाई नाही. उलट झालं असतं तर मी हात लावला नसता. माणिकरावांची थोरवी मान्य करूनही सांगते, आज कोणी फोटो न काढता हाड बसवून देतो म्हणाला तर तिथून निघावं.

तिच्या आईचा प्रश्न ठरलेला, "ताई, बर्फ की शेक?" १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा मंत्र दिला आणि तो जगभर पाठ झाला. २०१४ मध्ये मर्किननीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबतं. सूज ही शरीराने पाठवलेली दुरुस्तीची माणसंच आहेत. पहिल्या दिवशी ठणका असह्य असेल तर दहा मिनिटं बर्फ लावा, वेदनेसाठी. त्यापलीकडे क्रेप पट्टी, रात्री पायाखाली उशी, आणि उद्यापासून पाय हवेत धरून अंगठ्याने बाराखडी गिरवायची. चार दिवसांनी भिंत धरून टाचा उचलायच्या. दुखणं दहापैकी तीनच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसायला नको.

"आणि गरबा?"

पहिल्या चार रात्री टाळ्या वाजवायला जा, असं म्हटल्यावर मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या नाही.

त्यानंतर खांदा, मान, मान, टाच, एक कंबर. माना सगळ्या कॉम्प्युटरच्या.

दुपारी १.३०

शेजारच्या घरी आज मी सवाष्ण. गव्हल्यांची खीर, वडे, भोपळ्याचं भरीत, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. काकूंनी वाढताना हसून विचारलं, "तुझ्या डाएटमध्ये बसतं का हे?" सवाष्णीने पानात टाकायचं नसतं आणि मी टाकलंही नाही. वर्षातून एकदाचं पान बिघडवत नाही कोणाला. रोजचं चार वाजताचं फरसाण बिघडवतं. ओटी घेऊन घरी आले आणि पडले.

२.३० ते ३.००

वामकुक्षी. जुन्या शहरातली कितीतरी दुकानं दुपारी अजून फळ्या लावतात, आणि बाहेरून आलेले लोक त्याला आळस म्हणतात. पहाटे पाचला उठणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटांची झोप हवीच. तासभर लागली तर मात्र उठताना डोकं जड होतं आणि रात्रीची झोप मागे जाते, म्हणून गजर.

४.००

मुलांचा मलखांब. एरंडेलाचा वास, गुळगुळीत सागवान, आणि सात वर्षांची एक चिमुरडी दसरंग करून वर उलटी लटकलेली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या उभी केली आणि मराठी माणूस जिथे गेला तिथे खांब रोवला गेला. या बॅचमध्ये मला फार काही करावं लागत नाही. मुलं थकली की आपणहून बसतात, भूक लागली की खातात, नऊ वाजता झोपतात. मोठ्यांना हेच शिकवायचे मी पैसे घेते.

५.४५, एका पोळातलं घर

अरुंद जिना, दोर धरून चढायचा. वर सत्त्याहत्तरीचे आजोबा, गुडघा बदलल्याला दोन महिने. शस्त्रक्रिया उत्तम झालीय, गुडघा छान वाकतो, तरी आजोबा खाली उतरत नाहीत. मुलगा म्हणतो, हिंमत नाही. मी मांड्यांची मापं घेतली. ऑपरेशन झालेली बाजू दोन सेंटीमीटरने बारीक. हिंमतीचा प्रश्न नाही, माल नाही. जेवणात काय, तर पेज, मऊ भात, ताक. दात नाहीत म्हणून डाळ नको, रात्री जड नको, दूध नको कारण कफ होतो. सूनबाईंशी बोलून ठरवलं: पेजेत मुगाची डाळ घोटून, दुपारच्या भातावर कुस्करलेलं पनीर, चार वाजता दह्यात भिजवलेला दाण्याचा कूट. म्हातारपणी पोट लहान होतं, प्रथिनांची गरज नाही. उलट तरुणापेक्षा थोडी जास्तच लागतात. जिन्याची एक पायरी आज उतरलो आणि चढलो. सात वेळा. आठव्याला आजोबा म्हणाले, "बास, उद्याला ठेव." ठेवली.

७.००

संध्याकाळची बॅच, बहुतेक पुरुष. कोयलीच्या रिफायनरीकडचे, खत कारखान्याकडचे, नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतले. पाळीची नोकरी. या आठवड्यात सकाळ, पुढच्या आठवड्यात रात्र. चाळिशीतले एक भाऊ महिनाभर तक्रार करताहेत की वजन उतरतंय पण ताकदही उतरतेय. जेवण मोजलं, ठीक. व्यायाम ठीक. मग झोप विचारली तर रात्रपाळीनंतर दिवसा जेमतेम पाच तास, तीही मुलं शाळेतून येईपर्यंत.

२०१० साली शिकागोत एक छोटा प्रयोग झाला. दहाच माणसं, वजन कमी करायला सगळ्यांना सारखंच मोजून जेवण. चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात, आणि चौदा दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी उतरली आणि बाकीचा घाटा स्नायूंच्या खात्यातून गेला. भावांना हे सांगितलं आणि आजची वेटची पाळी रद्द केली. ते उभेच राहिले. पैसे भरून घरी पाठवतात म्हणून नव्हे. घरी जाऊन झोपतो म्हटलं तर बायको काय म्हणेल म्हणून. तिच्याशी मी बोलेन, असं सांगितलं. खोलीला जाड पडदे लावायचे, रात्रपाळीच्या आठवड्यात दोनच दिवस व्यायाम, आणि चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. काही दिवसांनी ते पुन्हा नीट उचलू लागतील. नोकरी बदलायचा सल्ला द्यायला मी कोण.

बाकीच्यांनी जोर काढले, डंबेल मारले, आणि एकाने शेवटी विचारलंच, दुखतं म्हणजे लॅक्टिक ॲसिड साचलं ना? ते तासाभरात निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कळवळायला होतं ते स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरांमुळे, आणि त्यावर उपाय हलकं चालणं, जेवण आणि वेळ.

९.३०

मुगाची खिचडी, कढी, वर तुपाची धार, आणि माझ्या पानात दोन उकडलेली अंडी. सासूबाईंनी अंड्यांसाठी वेगळं पातेलं ठेवलंय. त्याला घरात 'तिचं पातेलं' म्हणतात.

जेवताना मोबाईल उलटा ठेवते. नंतर उघडला तर उपवासाचे प्रश्न. नऊ दिवस उपवास आणि नऊ रात्री गरबा हा योग इथे घरोघरी. साबुदाण्याची खिचडी दोन्ही वेळेला खाल्ली तर पोट भरतं; साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यातलं जे काही बळ आहे ते शेंगदाण्यांचं. सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: सकाळी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, घट्ट, चार वाजता दूध आणि खजूर. मैदानावर जायच्या दीड तास आधी रताळं किंवा केळं, सैंधव घातलेलं लिंबूपाणी बाटलीत भरून. परत आल्यावर, कितीही वाजले असले तरी, ग्लासभर दूध किंवा वाटीभर पनीर, मगच अंथरूण. पोटरीत गोळे आले तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढायचा. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळत नसेल तर दुपारचा अर्धा तास कुठूनही काढा. नऊ रात्रींत एक रात्र पूर्ण सोडा, साधारण पाचवी.

शेवटच्या सूचनेवर लगेच निळ्या खुणा आल्या आणि पाठोपाठ सकाळच्या पायरीवाल्या मुलीचा मेसेज. "ताई, पहिल्या रात्री किती वेळ खेळू?"

दीड तास, मी लिहिलं. गुडघा आत वळायला लागला की बाहेर ये.

"आणि पाचवी रात्र खरंच सोडायची?"

खरंच.

"ताई, पास नऊ रात्रींचा काढलाय. एक रात्र परत करत नाहीत ते."